तळपायाच्या चामखिळीला दिलेले किरण आणि तीन वर्षांत संपणारी नोंद : अणुऊर्जा नियामक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
अणुऊर्जा नियामक मंडळ,
अणुशक्तीनगर, मुंबई.

प्रत माहितीसाठी : महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई.

विषय : तळपायावरील चामखीळ आणि तत्सम जिवाला धोका नसलेल्या आजारांसाठी दिलेल्या किरणोपचारांची आजन्म नोंद ठेवण्याबाबत.

महोदय,

तळपायावर उठणाऱ्या विषाणुजन्य चामखिळीला क्ष-किरण देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत आणि युरोपात सर्रास होती. तिकडे शिकून आलेले डॉक्टर आणि तिकडूनच आलेली यंत्रे यांच्या मार्गाने ती आपल्याकडच्या मोठ्या शहरांतील काही रुग्णालयांतही पोचली. आज ती जवळजवळ बंद पडली आहे. तरीही मी हे पत्र लिहितो आहे, कारण या उपचाराचे परिणाम वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी दिसू लागतात आणि तोवर ज्या कागदावर किरणांची मात्रा लिहिलेली होती तो कागद कुठेच शिल्लक राहिलेला नसतो. मी किरणोपचार विभागात वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ म्हणून आणि पुढे किरणसुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली. रोगाचे निदान हा माझा प्रांत नव्हे. मात्रा मोजणे, तिची नोंद ठेवणे आणि त्या नोंदीवर विसंबून पुढचे गणित करणे हे माझे काम होते, आणि माझे म्हणणेही त्याच बाबतीत आहे.

आधी आजाराविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण उपचार योग्य की अयोग्य हे आजाराच्या वजनावरच ठरते. ही चामखीळ ह्यूमन पॅपिलोमा विषाणूमुळे होते. त्या विषाणूच्या दोनशेहून अधिक प्रकारांपैकी १, २, ४, २७ आणि ५७ हे प्रकार तळपायावर प्रामुख्याने सापडतात. घरोघरी तिला कुरूप किंवा भोवरी म्हणतात आणि औषधी पट्टी लावून पाहतात. खरे कुरूप दाबामुळे होते. चामखीळ मात्र संसर्गाने होते आणि तिच्यावरची जाड कातडी खरवडली की आत बारीक काळे ठिपके, म्हणजे गोठलेल्या केशवाहिन्या, दिसतात. शरीराचा सगळा भार वरून पडत असल्यामुळे ती बाहेर वाढण्याऐवजी आत दबते आणि चालताना खडा टोचावा तशी दुखते. हे दुखणे खोटे नाही आणि ते मला कमी लेखायचे नाही. पण ती जीव घेत नाही आणि बहुतेकांमध्ये आपोआप जाते. मुलांपैकी साधारण निम्म्यांची चामखीळ वर्षभरात आणि दोन तृतीयांश मुलांची दोन वर्षांत कोणत्याही औषधाविना नाहीशी होते, कारण शरीराची प्रतिकारशक्ती उशिरा का होईना विषाणूला ओळखते.

मधल्या काळात जे उपाय हाताशी असतात ते फारसे प्रभावी नाहीत, हेही मान्य करायला हवे. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये १२ वर्षे व त्यावरील वयाच्या २४० रुग्णांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत द्रव नायट्रोजनने गोठवणे आणि ५० टक्के सॅलिसिलिक आम्ल लावणे या दोन्ही उपायांनी १२ आठवड्यांअखेर पूर्ण बरे झालेल्यांचे प्रमाण १४ टक्केच निघाले. मलम लावून कंटाळलेला रुग्ण आणि गोठवून कंटाळलेला डॉक्टर यांना एका बैठकीत काम संपवणारे साधन हवेसे वाटावे यात नवल नाही. मात्र ज्या आजाराचे निम्मे रुग्ण आपोआप बरे होतात, त्या आजारावर केलेला कोणताही उपचार वर्षभरानंतर यशस्वीच दिसतो, आणि क्ष-किरणांच्या पदरी पडलेल्या यशात या नैसर्गिक बरे होण्याचा वाटा किती होता हे त्या काळी कोणी नीट तपासले नाही.

उपचाराची रीत सोपी होती. शिशाच्या पातळ पत्र्याला चामखिळीच्या आकाराचे भोक पाडायचे, तो पत्रा तळपायावर बसवायचा, वरून यंत्राचा शंकू टेकवायचा आणि सुमारे १०० किलोव्होल्टच्या किरणांची मात्रा काही मिनिटांत, अनेकदा एकाच वेळी, द्यायची. ही मात्रा, त्या काळच्या मापात, १००० राँटजेन किंवा त्याहून जास्त असे. आजच्या मापात, म्हणजे शरीराने शोषलेली मात्रा सांगणाऱ्या ‘ग्रे’ या एककात, सांगायचे तर १० ग्रेच्या आसपास किंवा त्यापुढे. रुग्णाला काही दुखत नसे. ‘मशीनचा शेक द्यायचा आहे’ एवढेच त्याला सांगितले जाई आणि तो चालत घरी जाई. काही आठवड्यांनी चामखीळ काळी पडून गळून जाई. कातडी फाडावी लागत नाही, टाका पडत नाही, व्रण उरत नाही, अशी या उपचाराची ख्याती होती, आणि पहिली काही वर्षे ती खरीही वाटे.

त्वचेवरील किरणांच्या परिणामांचे उंबरठे आता चांगले ठाऊक आहेत. सुमारे २ ग्रेला तात्पुरती लाली येते आणि ती काही दिवसांत विसरली जाते. १० ग्रेच्या आसपास मात्र कातडीच्या खालच्या थराचे कायमचे क्षीण होणे आणि केशवाहिन्यांचे फुगणे सुरू होऊ शकते, आणि हे परिणाम महिन्यांनी नव्हे तर वर्षांनी दिसतात. म्हणजे चामखिळीला दिली जाणारी मात्रा नेमकी या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे होती. त्यातही कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांचा एक गुणधर्म असा आहे की त्याच किरणझोतात हाड मऊ ऊतींपेक्षा तीन-चार पट अधिक ऊर्जा शोषून घेते. तळपायाच्या चवड्याखाली मेटाटार्सल, म्हणजे बोटांच्या मागे असलेल्या लांब हाडांची टोके आहेत आणि त्यांच्यापैकी दुसऱ्या ते पाचव्या हाडाची वाढीची पट्टी नेमकी त्याच टोकाला असते. वाढत्या वयातल्या मुलाच्या चवड्यावरील चामखिळीला दिलेले किरण त्या पट्टीपर्यंत पोचत होते, आणि ज्या आजारात सर्वाधिक रुग्ण शाळकरी वयाचे असतात त्या आजारात ही गोष्ट दुय्यम मानता येत नाही.

शरीराच्या दुसऱ्या एखाद्या भागावर अशी पातळ, कोरडी कातडी कदाचित आयुष्यभर निमूटपणे टिकली असती. तळपायाला ती सवलत नाही. त्याला रोज हजारो पावलांचा भार सोसायचा असतो. आपल्याकडे तर अनवाणी किंवा साध्या चपलेवर चालणे, चिखलाच्या शेतात उभे राहणे, टाचांना भेगा पडणे आणि मध्यमवयानंतर मधुमेह जडणे हे सगळे एकाच पायाच्या वाट्याला येते. किरणांनी रक्तपुरवठा कमी झालेल्या जागी मधुमेहामुळे संवेदना गेली की तिथली जखम भरून येण्याची आशा फार कमी उरते.

मी पाहिलेल्या एका पायाविषयी लिहितो. शाळेत शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या एका बाईंना शल्यचिकित्सकांनी आमच्या विभागात पाठवले होते. शाळकरी वयात त्यांच्या उजव्या चवड्यावरील चामखिळीला मुंबईतल्या एका रुग्णालयात शेक दिला गेला होता. त्याच जागी रुपयाच्या नाण्याएवढा, कडा तंतोतंत गोल असलेला एक डाग होता: मधली कातडी कागदासारखी पातळ आणि चकाकती, तिच्यात लाल धाग्यांसारख्या केशवाहिन्या, भोवती काळपट कडे, आणि मधोमध बरीच वर्षे उघडी-मिटत राहिलेली एक चीर, जी आता मिटेनाशी झाली होती. एवढी गोल कड कोणत्याही रोगाने येत नाही. ती शिशाच्या पत्र्याला पाडलेल्या भोकाची कड असते. सुदैवाने तुकडा तपासल्यावर कर्करोग निघाला नाही. शल्यचिकित्सकांचा प्रश्न साधा होता: तिथे किती मात्रा दिली गेली होती आणि ती किती खोलवर पोचली असेल? किरणांनी निकामी झालेल्या तळावर त्वचारोपण धरत नाही, त्यामुळे किती भाग काढायचा आणि कुठून रक्तपुरवठ्यासह मांस आणायचे हे त्या आकड्यावर ठरणार होते. बाईंकडे कागद नव्हता आणि ज्या रुग्णालयात उपचार झाला तिथेही नव्हता. शेवटी डागाच्या आकारावरून आणि कातडीच्या अवस्थेवरून अंदाज बांधून शस्त्रक्रिया करावी लागली.

कर्करोगाच्या धोक्याविषयी अतिशयोक्ती टाळली पाहिजे, कारण अतिशयोक्तीने घाबरून गेलेला रुग्ण पुढे आवश्यक तो एक्स-रेही नाकारतो. तळपाय थायरॉइड, मेंदू आणि प्रौढांतील रक्त तयार करणारी मज्जा यांच्यापासून लांब आहे, आणि चामखिळीवर उपचार घेतलेल्या बहुसंख्य लोकांना आयुष्यात काहीही त्रास झालेला नसणार. धोका आहे तो किरण पडलेल्या जागेपुरता, आणि मुख्यतः जिथे कातडी क्षीण होऊन वारंवार जखम होते तिथला. वर्षानुवर्षे न भरणाऱ्या व्रणात स्क्वॅमस सेल हा त्वचेचा कर्करोग उपजू शकतो हे वैद्यकशास्त्राला फार जुने ठाऊक आहे, आणि किरणजन्य व्रण त्याला अपवाद नाहीत. सौम्य आजारांवरील किरणांचे दूरचे हिशेब कसे उशिरा हाती येतात याचे सर्वांत मोठे उदाहरण डोक्यातल्या गजकर्णाचे आहे. इस्राएलमध्ये १९४८ ते १९६० च्या सुमारास हजारो स्थलांतरित मुलांच्या डोक्यांवर केस गळावेत म्हणून क्ष-किरण दिले गेले. १९७४ साली बारूख मोदान आणि सहकाऱ्यांनी त्यांच्यापैकी सुमारे ११,००० जणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला आणि त्यांच्यात डोक्याच्या व मानेच्या गाठींचे प्रमाण वाढलेले दिसले. १९९४ साली तिथल्या संसदेला भरपाईचा कायदा करावा लागला. हा पाठपुरावा शक्य झाला तो एकाच कारणाने: कोणत्या मुलाला किरण दिले याच्या याद्या जपून ठेवलेल्या होत्या. न्यूयॉर्कमध्ये याच उपचाराच्या पाठपुराव्यात डोक्याच्या त्वचेचे कर्करोग गोऱ्या रुग्णांत आढळले, कृष्णवर्णीयांत नाही. सावळ्या त्वचेच्या आपल्या लोकांना यातून थोडा दिलासा जरूर घेता येईल, पण त्वचेचा रंग व्रणाला थोपवत नाही.

चामखिळीच्या अधिक जवळचे उदाहरण स्वरयंत्राचे आहे. लहान मुलांच्या स्वरयंत्रात याच विषाणूच्या ६ आणि ११ क्रमांकाच्या प्रकारांमुळे चामखिळीसारख्या गाठी होतात. त्यांनाही एके काळी किरण दिले जात, आणि ती मुले मोठी झाल्यावर त्यांच्यापैकी काहींना स्वरयंत्राचा कर्करोग झाल्यामुळे तो उपचार सोडून द्यावा लागला. विषाणू वेगळ्या प्रकारचा आहे आणि अवयवही वेगळा आहे, हे मला मान्य आहे. पण विषाणूने पेशींचे नियंत्रण आधीच बिघडवलेले असताना तिथे किरणांनी जनुकीय इजा करणे शहाणपणाचे नाही, एवढे म्हणायला हा अनुभव पुरेसा आहे.

आणखी एक मुद्दा त्वचारोगतज्ज्ञांना माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. तळपायावरची वर्षानुवर्षे न जाणारी ‘चामखीळ’ कधी कधी चामखीळ नसतेच. ती तळपायावर हळू वाढणारा, चामखिळीसारखा दिसणारा व्हेरुकस कर्करोग असू शकते किंवा रंगहीन मेलॅनोमा, म्हणजे त्वचेतील रंगपेशींचा कर्करोग, असू शकतो, आणि भारतीयांत मेलॅनोमा जिथे होतो त्या जागांमध्ये तळपाय ठळकपणे येतो. तुकडा न तपासता अशा गाठीला किरण दिले, तर खरा आजार झाकला जातो आणि मौल्यवान महिने हातचे जातात. हट्टी चामखिळीला किरण द्यावेत असा विचार ज्याच्या मनात येईल, त्याच्या मनात आधी बायॉप्सीचा विचार यायला हवा.

आता नोंदींकडे येतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या व्यावसायिक आचारसंहितेनुसार डॉक्टरने आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायची असतात आणि रुग्णाने मागितल्यास ती ७२ तासांत द्यायची असतात. जो परिणाम वीस वर्षांनी दिसणार आहे त्याच्यासाठी तीन वर्षांची मुदत किती तोकडी आहे हे वेगळे सांगायला नको. त्यातही नियमातला शब्द आंतररुग्ण असा आहे. चामखिळीचा शेक बाह्यरुग्ण विभागात काही मिनिटांत दिला जात असे, म्हणून ही तोकडी मुदतसुद्धा त्याला लागू होत नाही.

याउलट, त्याच खोलीत यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाची स्थिती पाहावी. त्याच्या छातीवर किरणांची मात्रा मोजणारा टीएलडी बॅज असतो, तो दर तीन महिन्यांनी तपासला जातो, त्याचा आकडा राष्ट्रीय नोंदवहीत जातो. आपण घालून दिलेल्या मर्यादेप्रमाणे त्याला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षी ३० मिलिसिव्हर्ट आणि त्वचेला किंवा हातापायांना वर्षाला ५०० मिलिसिव्हर्ट यांहून अधिक किरण मिळता कामा नयेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची मानके तर असे सांगतात की कर्मचाऱ्याची ही नोंद तो ७५ वर्षांचा होईपर्यंत आणि काम सोडल्यानंतर किमान ३० वर्षे जपावी. शिशाच्या भोकाखाली पाय ठेवून बसलेल्या मुलाच्या कातडीला एका बैठकीत मिळणारे १० ग्रे (क्ष-किरणांच्या बाबतीत १ ग्रे म्हणजे १००० मिलिसिव्हर्ट) म्हणजे त्या तंत्रज्ञाच्या त्वचेच्या वार्षिक मर्यादेच्या वीस पट. रुग्णांना या मर्यादा लागू नाहीत, कारण त्यांना उपचारातून लाभ मिळतो, हे तत्त्व मी नोकरीभर शिकवले आणि आजही मानतो. पण लाभ आहे म्हणून मर्यादा नको, हे म्हणणे एका गोष्टीवर उभे आहे: लाभ आणि हानी दोन्ही मोजल्या गेल्या पाहिजेत. हानी मोजण्याची मुदतच आपण तीन वर्षांवर आणली, तर तोलाचे एक पारडे कायमचे रिकामे राहते.

ज्या विभागात मी काम केले तिथल्या जुन्या सुपरफिशियल, म्हणजे त्वचेपुरते किरण देणाऱ्या, यंत्राची रजिस्टरे मी स्वतः हाताळली आहेत. लाल कापडी बांधणी, एकेका रुग्णाला एकेक ओळ: नाव, वय, ‘व्हेरुका (चामखीळ), उजवा पाय’, किलोव्होल्ट, ॲल्युमिनियमच्या गाळणीची जाडी, शंकूचा व्यास, मिनिटे आणि शेवटी राँटजेनचा आकडा. ज्या तंत्रज्ञांनी ते लिहिले त्यांनी आपले काम चोख केले होते. त्या एका ओळीवरून आजही कातडीच्या आणि हाडाच्या मात्रेचे गणित मांडता येते. विभाग नव्या इमारतीत गेला तेव्हा यंत्राचे निर्लेखन रीतसर झाले, त्याच्या कागदावर सह्या झाल्या, शिक्के पडले. रजिस्टरांसाठी कोणताही नियम नसल्यामुळे ती कपाटांबरोबर रद्दीत गेली. त्या ओळींमधली शाळकरी मुले आज साठी-सत्तरीत आहेत.

आपल्या मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली. त्याआधीच्या उपचारांची जबाबदारी आपल्यावर टाकण्याचा माझा हेतू नाही. पण हा विषय इतिहासजमा झालेला नाही. सौम्य आजारांसाठी किरण देणे आजही चालू आहे आणि काही ठिकाणी ते योग्यही आहे. केलॉइड, म्हणजे जखमेच्या व्रणावर वाढणारी जाड गाठ, कापून काढल्यावर तो पुन्हा वाढू नये म्हणून किरण दिले जातात. जर्मनीत टाचदुखीसाठी ०.५ ते १ ग्रेच्या सहा छोट्या मात्रा देण्याची रीत रुळलेली आहे, तीही मुख्यतः वयाने मोठ्या आणि इतर उपायांनी न सुधारलेल्या रुग्णांसाठी. सांधेदुखीसाठी हाच उपचार इतरत्रही पुन्हा चर्चेत आला आहे. मी अशा उपचारांच्या विरोधात नाही. केलॉइडसाठी विशीत किरण घेतलेल्या मुलीच्या छातीवर किंवा कानामागे नेमकी किती मात्रा पडली हे तिच्या पन्नाशीतल्या डॉक्टरला कळले पाहिजे, एवढाच माझा आग्रह आहे, आणि आजच्या नियमांत त्याची हमी नाही.

म्हणून माझी आपणास अशी विनंती आहे. विषाणुजन्य चामखिळीसाठी, आणि विशेषतः अठरा वर्षांखालील कोणालाही, किरणोपचार देऊ नयेत असे स्पष्ट परिपत्रक आपण परवानाधारक संस्थांना पाठवावे; अगदी अपवादात्मक रुग्णाला ते द्यायचेच असतील, तर बायॉप्सीचा अहवाल, त्वचारोगतज्ज्ञ आणि किरणोपचारतज्ज्ञ या दोघांचे लेखी मत आणि रुग्णाच्या भाषेत, दूरच्या परिणामांसह लिहिलेले संमतिपत्र यांशिवाय ते देता येऊ नयेत. कर्करोगाव्यतिरिक्त कोणत्याही आजारासाठी किरण दिले गेले, तर रुग्णाला एक कार्ड मिळावे, ज्यावर शरीराची जागा, तारीख, किरणांचा प्रकार व ऊर्जा, क्षेत्राचा आकार आणि ग्रेमधील मात्रा असेल. संस्थेने तीच नोंद रुग्णाच्या हयातीपर्यंत जपावी. कर्मचाऱ्यांच्या डोसची राष्ट्रीय नोंदवही आपल्या देशात आहेच; तशीच या छोट्या गटातील रुग्णांची एक नोंदवही ठेवणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेला आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनांना माझे सांगणे वेगळे आहे. साठीपुढच्या रुग्णाच्या तळपायावर न भरणारी चीर किंवा गोल, पातळ डाग दिसला, तर ‘रेडिएशन घेतले होते का’ असे विचारून भागत नाही, कारण त्याला ते रेडिएशन होते हे कधी कोणी सांगितलेलेच नसते. ‘लहानपणी पायाला मशीनखाली शेक दिला होता का, पायावर शिशाचा पत्रा ठेवला होता का’ असे विचारले तर आठवते. मुंबईत १९६३ पासून लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी चालते. त्वचेच्या कर्करोगाच्या प्रत्येक नोंदीत सौम्य आजारासाठी पूर्वी घेतलेल्या किरणांचा एक रकाना असावा, यासाठी परिषदेने पुढाकार घ्यावा.

या सगळ्याला वेळ लागेल हे मी जाणतो. एक गोष्ट मात्र आपण या महिन्यातही करू शकता. कोणतेही जुने किरणोपचार यंत्र कायमचे बंद करताना संस्थेला आपली परवानगी घ्यावी लागते. त्या अर्जात एकच अट वाढवावी: त्या यंत्रावर उपचार घेतलेल्या सर्व रुग्णांची रजिस्टरे कुठे ठेवली आहेत हे लिहून द्यावे आणि त्यांची छायांकित प्रत मंडळाकडे जमा करावी, त्याशिवाय यंत्र हलवू नये. जुन्या सुपरफिशियल यंत्रांपैकी काही अजून तळघरांत आणि कुलूपबंद खोल्यांत पडून असतील, आणि त्यांच्या शेजारच्या कपाटात ही रजिस्टरेही असतील. ती वाचवण्यासाठी यादी करणे, आकडे आजच्या मापात बदलून देणे, इतके काम मी आणि माझ्यासारखे निवृत्त सहकारी विनामोबदला करायला तयार आहोत. आपण या पत्राला जाहीर उत्तर द्यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ,
पुणे